आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमाची रचना : एक विवेचन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात (२०२०) उदार व बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर दिलेला आहे. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीच्या किमान १२० श्रेयांकांपैकी ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय अभ्यासासाठी ठेवण्यात आले. मात्र बहुविद्याशाखीय व आंतरविद्याशाखीय या संकल्पना भिन्न आहेत. पहिलीत विविध विषय शेजारी-शेजारी शिकविले जातात. दुसरीत एकाच प्रश्नाच्या उकलीसाठी त्यांच्या अभ्यासपद्धती एकत्र येतात.

म्हणून रचनेचा प्रारंभ विषयांच्या यादीपासून नव्हे, तर प्रश्नापासून व्हावयास हवा. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील १९७२ चा दुष्काळ. भूगोल पर्जन्यछायेचे स्पष्टीकरण देतो. पाऊस हुकल्यावर मजुराची मिळकत प्रथम का बुडते, हे अर्थशास्त्र सांगते. कामाची मागणी १९७७ च्या रोजगार हमी कायद्यापर्यंत कशी पोहोचली, हे राज्यशास्त्र उलगडते. विद्यार्थ्याने तालुक्याच्या पर्जन्यनोंदी आणि गावातील वृद्धांच्या आठवणी परस्परांशी ताडून पाहिल्या, तर तिन्ही विषयांचा एकमेकांवाचून निभाव लागत नाही, हे त्याच्या ध्यानी येते.

खरी अडचण कार्यभाराची आहे. तो विभागनिहाय मोजला जात असल्याने दोन प्राध्यापकांनी मिळून घेतलेला तास कोणाच्या नावे मांडावा, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर सत्रारंभापूर्वी लेखी ठरले नाही, तर प्रत्येक विभाग आपले तास राखण्यासाठी जुनाच अभ्यासक्रम नव्या नावाने देईल. आणि विद्यार्थ्याच्या पदरी केवळ श्रेयांकांची बेरीज पडेल.