अंबरनाथचे औषध, बिहारची कसोटी

वालुमाशीच्या दंशाने पसरणारा आणि उपचाराअभावी प्राण घेणारा काळा आजार हे मुख्यतः बिहारचे दुखणे. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याला तो परकाच. तरीही त्याच्यावरील संशोधनाशी अंबरनाथचे नाते आहे. येथे कारखाना असलेल्या भारत सीरम्स कंपनीच्या मेदयुक्त अँफोटेरिसिन-बीची बिहारमध्ये ५०० रुग्णांच्या चाचणीत लायपोसोमल औषधाशी तुलना झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष परखड होता. एकाच मात्रेनंतर सहा महिन्यांनी स्वदेशी औषधाने सुमारे ८६ टक्के, तर लायपोसोमल औषधाने ९८ टक्के रुग्ण रोगमुक्त ठरले. राष्ट्रीय कार्यक्रमानेही लायपोसोमल औषधच स्वीकारले. स्वदेशीचा अभिमान रास्तच. परंतु झोपडीतील रुग्णाला औषधाचे कूळ नव्हे, गुण हवा असतो. उणे आकडेही उघडपणे मांडले गेले, यातच त्या संशोधनाची प्रतिष्ठा आहे.