जपानी मुलाला इंग्रजी लिहायला शिकवताना

जपानमध्ये उत्तर बरोबर असले की शिक्षक त्याभोवती लाल वर्तुळ काढतात. फारच छान असेल तर वर्तुळाला पाकळ्या काढून फूल करतात. त्याला 'हानामारु' म्हणतात. आपण जिला बरोबरची खूण म्हणतो ती तिथे बहुधा चुकीवर करतात. तेव्हा इथून किंवा भारतातून गेलेल्या शिक्षकाने कौतुकाने पानभर बरोबरच्या खुणा केल्या, तर मुलाला वाटेल की आपले सगळेच चुकले! एका मुलाला शेजारी बसवून लिहायला शिकवायचे तर अशी सुरुवात असते. वही आधी त्याच्या बाजूने पाहावी लागते.

2020 सालापासून जपानच्या प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. वर्षाला 70 तासिका, प्रत्येक तासिका 45 मिनिटांची. तिसरी-चौथीत वर्षाला 35 तासिका गाणी, खेळ आणि बोलणे यांच्या. प्राथमिक शाळेतले लेखन बहुतांशी पाहून लिहिण्याचे असते. मुले ओळखीचे शब्द आणि वाक्ये चार रेघांच्या वहीत सुबक उतरवतात. अक्षर तर असे की आपण पाहत राहावे. पण तीसपस्तीस मुलांच्या वर्गात 'काल तू काय केलेस, ते तुझ्या शब्दांत लिही' असे सांगून प्रत्येकाजवळ बसायला वेळ कुठून आणायचा? सुंदर अक्षरात उतरवणारे मूल स्वतःचे एक वाक्य लिहायची वेळ आली की पेन्सिल धरून गप्प बसते. पुढे माध्यमिक शाळेत 'एकेन' ही इंग्रजीची परीक्षा असते. ती 1963 पासून चालू आहे. तिच्या तिसऱ्या श्रेणीत 25 ते 35 शब्दांत स्वतःचे मत लिहावे लागते, आणि 2024 पासून ई-मेलला उत्तरही. मग पालक खाजगी शिकवणी शोधतात. एका शिक्षकापुढे एक किंवा दोनच मुले बसवणारे वर्ग तिथे पुष्कळ आहेत.

जपानी मुलाचे इंग्रजी नेमके कुठे अडते, हे आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर कळेल. जपानी वाक्याची ठेवण मराठीसारखी आहे. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु', म्हणजे मी भात खाते. क्रियापद शेवटी. 'तारो नो होन' म्हणजे तारोचे पुस्तक; आपला 'चे' तसा त्यांचा 'नो', नामाच्या मागे लागणारा. इंग्रजीतले 'अ' आणि 'द' त्यांच्याकडे नाहीत, आपल्याकडेही नाहीत. एक कुत्रा, दोन कुत्रे असा फरक नामात सहसा होत नाही. मोठे अक्षर नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. निबंधाच्या कागदावर 400 चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात एक अक्षर. अशा मुलाने इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटवून लिहिले तर तो निष्काळजीपणा नव्हे, त्याला तसेच शिकवलेले आहे. 'वाताशी वा' म्हणजे 'आय ॲम' असे त्याच्या मनात बसलेले असते, म्हणून तो 'आय ॲम प्ले टेनिस' लिहितो. हे कारण ठाऊक असेल तर शिक्षक खोडत बसत नाही. विचारतो, खेळणारा तू, मग ते 'ॲम' काय करते आहे?

मुलाच्या लिखाणाला एकेकट्याने उत्तर देण्याची परंपरा जपानला नवी नाही. यामागाता प्रांतातल्या एका डोंगरी खेड्यात मुचाकु सेइक्यो नावाचे तरुण शिक्षक होते. त्यांनी युद्धानंतरच्या गरिबीत मुलांना स्वतःच्या घराविषयी लिहायला लावले. ते लेखन 1951 साली 'यामाबिको गाक्को', म्हणजे प्रतिध्वनीची शाळा, या नावाने प्रसिद्ध झाले. एका मुलाने आई गेल्यानंतरच्या घरखर्चाचा हिशेब मांडला आहे. भाषा जपानीच, इंग्रजी नव्हे. पण मूल सांगण्यासारखे काही असेल तरच लिहिते, हे तिथे दिसते. पुढे ओकायामाच्या एका प्रकाशन संस्थेने, आजच्या बेनेस्सेने, टपालाने शिक्षण सुरू केले. मूल उत्तरे पाठवते आणि 'आका-पेन सेन्सेई', म्हणजे लाल पेनवाल्या बाई, तपासून खाली चार ओळींचे पत्र लिहितात. कित्येक जपानी माणसे मोठेपणीही त्या पत्रांची आठवण काढतात. गुण कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

प्रत्यक्ष शिकवणी कशी घ्यावी? आधी बोलावे. मुलाला सुट्टीत काय केले ते विचारावे, चित्र काढू द्यावे, शब्द अडला तर तेवढाच द्यावा. मग तीन वाक्ये लिहायला सांगावीत आणि तोंड मिटून थांबावे. हे शिक्षकाला सर्वांत कठीण! मुलाचे वाक्य आपण पुरे करून दिले की ते आपले होते. लिहून झाले की त्यानेच मोठ्याने वाचावे. निम्म्या चुका कानाला कळतात. मग एकाच जातीची चूक धरावी. आज फक्त 'अ' आणि 'द', पुढच्या वेळी भूतकाळ. सगळ्या चुका एकदम लाल केल्या तर मूल पुढच्या वेळी एकच सुरक्षित वाक्य लिहील, 'आय लाइक सॉकर', आणि महिनोन्महिने तेच. शेवटी मजकुराविषयी एक खरा प्रश्न विचारावा: आजीने दिलेला मासा कोणता होता? उत्तर लिहिताना चौथे वाक्य आपोआप तयार होते.

हे सारे इतक्या तपशिलाने लिहायचे कारण आपल्याच घरात आहे. आपल्यापैकी अनेकांनी मराठी शाळेत पाचवीला किंवा आठवीला इंग्रजी सुरू केले आणि इथे येऊन उलपानमध्ये पुन्हा उजवीकडून डावीकडे अक्षरे गिरवली. परक्या भाषेत पहिले वाक्य लिहिताना हात कसा जड होतो हे आपल्याला माहीत आहे. नातवंडांचे मराठी राहिले नाही, त्याची खंत आहेच. पण त्यांचे इंग्रजी आपल्याकडे आणता येते. हिब्रूत मोठे अक्षर नाही, 'इज' नाही, म्हणून नात 'माय ब्रदर टॉल' लिहिते, आणि 'आय व्हेरी लव्ह' हे तर सरळ 'अनी मेओद ओहेवेत'. तिला हसू नये. हिब्रूत कसे म्हणतेस ते आधी विचारावे, इंग्रजी वाक्य त्याखाली लिहवून घ्यावे आणि दोन्हींत काय वेगळे आहे ते तिलाच शोधू द्यावे. आठवड्यातून अर्धा तास पुरे. गृहपाठाची वही त्या वेळी बाजूला ठेवावी, साधे कोरे पान घ्यावे आणि पेन्सिल तिच्याच हातात राहू द्यावी.