बॅटरीची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बॅटरीवर लेख लिहावा, हे विज्ञान शाखेच्या मित्रांना अतिक्रमण वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले, त्यावरून हा विषय हिशेबाचाही आहे असे माझे मत झाले आहे.

आमचे गाव खानापूर तालुक्यात. पाऊस धरला की वीज जाणार हे ठरलेलेच. आजीला दमा आहे. रात्री-अपरात्री औषधाची वाफ घेण्याचे यंत्र लावावे लागते. म्हणून बाबांनी इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली व देखभाल माझ्याकडे सोपवली. जुलैतील एका रात्री वीज गेली, यंत्र लावले आणि दहा मिनिटांत इन्व्हर्टर बंद पडला. आजी पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसून होती.

सकाळी बॅटरी बेळगावला एका मेस्त्रींकडे नेली. ती रात्रभर चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मग तपासू, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मीटर लावला तर १२.३ व्होल्ट! मी म्हणालो, "काका, बॅटरी तर चांगली दिसते." ते हसले आणि त्यांनी तिच्यावर भार टाकला. काटा झरकन दहाच्या खाली आला. नुसते व्होल्ट म्हणजे दुकानाची पाटी. आत माल किती आहे ते गिऱ्हाईक आल्यावरच कळते.

आतला माल कसा मोजायचा? लेड-ॲसिड बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची आणि दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या. असा एक कप्पा सुमारे २ व्होल्ट देतो. सहा कप्पे मिळून १२. वीज घेताना आम्ल पट्ट्यांत शिरते, दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि द्राव पाण्यासारखा हलका होतो. चार्ज करताना आम्ल पुन्हा द्रावात उतरते व तो जड होतो. हे जडपण मोजणारी काचेची नळी म्हणजे हायड्रोमीटर. गाडीच्या भरलेल्या बॅटरीत ती १.२६५ च्या आसपास दाखवते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आपल्याकडे साधारण १.२४०.

आमच्या बॅटरीचे पाच कप्पे १.२२० च्या जवळपास होते. तिसरा मात्र १.१३०. इतरांपेक्षा एखादा कप्पा ०.०५० ने मागे पडला तर त्याचे आयुष्य संपत आले असे समजावे. सहा भागीदारांत एक दिवाळखोर निघाला की पेढी बुडते, तसेच हे.

मग मेस्त्रींनी कन्नडमध्ये विचारले, "याव नीर हाकिदी?" कोणते पाणी घातलेस? मी खाली पाहिले. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपला होता आणि बाजारात जायचा कंटाळा आला, म्हणून मी दोनदा विहिरीचे पाणी गाळून घातले होते. फ्लोट वर आले, मी निश्चिंत झालो. पण फ्लोट पाणी किती ते सांगतो, कसले ते नाही. विहिरीच्या पाण्यातील क्षार व लोह पट्ट्यांना बाधतात. "त्यानेच गेली असं छातीठोक सांगता येत नाही," ते म्हणाले, "पण आयुष्य कमी झालं एवढं नक्की."

त्यांच्याकडून शिकलो ते असे. महिन्यातून एकदा पातळी पाहावी. पट्ट्या कधी उघड्या पडू देऊ नयेत. चार्जिंगमध्ये पाणी उडून जाते, आम्ल नाही. म्हणून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल कधीच नाही. पाणी घातल्याबरोबर हायड्रोमीटर लावू नये. ते मिसळू द्यावे. बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तर सल्फेट कडक होते व पुन्हा सुटत नाही. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली तर आधी इन्व्हर्टर बंद करून वायरी सोडाव्यात, ऋण टोकाची प्रथम. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे. ते पाणी कप्प्यात जाऊ देऊ नये. कोरडे करून वायरी जोडाव्यात, ऋण टोकाची शेवटी, आणि वर व्हॅसलीन लावावे. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. म्हणून जागा हवेशीर हवी, जवळ काडी ओढू नये. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे असावेत.

घरी येऊन बाबांना विहिरीच्या पाण्याचे खरे सांगितले. ते रागावले नाहीत; त्याचेच जास्त लागले. नव्या बॅटरीसाठी त्यांनी भिशीचे पैसे काढले.

आता इन्व्हर्टरशेजारी एक वही टांगली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सहा कप्प्यांचे सहा आकडे मी तीत लिहितो. घसारा कोणत्याही मालमत्तेला चुकत नाही, हे आम्ही वर्गात शिकतो. पण वहीत नोंद असली तर तो अंधाऱ्या रात्री अचानक पुढे उभा राहत नाही. आजी अधूनमधून विचारते, "आकडे बरे आहेत का रे?" वही पाहूनच मी उत्तर देतो.