१९७० च्या दशकातील रॉक आल्बम आणि चाहत्यांची मते

इ.स. १९७० ते १९७९ या काळात ब्रिटन व अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या रॉक आणि लोकप्रिय संगीताच्या आल्बमांना सर्वसामान्य श्रोत्यांनी दिलेला कौल समीक्षकांच्या निर्णयापेक्षा पुष्कळदा निराळा होता. तो विक्रीच्या आकड्यांशीही नेहमी जुळत नाही. काही आल्बम वृत्तपत्रांनी झिडकारले आणि चाहत्यांनी डोक्यावर घेतले. काही लाखांनी खपले व दहा वर्षांत विस्मरणात गेले. तर काहींना त्यांचा श्रोता कलावंताच्या मृत्यूनंतर भेटला. या दशकातील कोणता आल्बम ‘श्रेष्ठ’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ते कोणी दिले आणि कोणत्या वर्षी दिले यावर अवलंबून राहते.

== पार्श्वभूमी ==

आल्बम म्हणजे १२ इंच व्यासाची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी. तिच्या दोन्ही बाजू मिळून साधारणतः ४० मिनिटांचे संगीत मावत असे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लोकप्रिय संगीतात एका गाण्याची छोटी तबकडी महत्त्वाची होती. आल्बम हा बहुधा अशा गाण्यांचा संग्रह असे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) नंतर आल्बम ही सलग ऐकण्याची, स्वतंत्र आकार असलेली कलाकृती आहे ही कल्पना रुजली. श्रोत्याची भूमिकाही त्याबरोबर बदलली. वेष्टनावरील चित्र, आतील मजकूर, गाण्यांचा क्रम, पहिली बाजू कोठे संपते, या साऱ्यांवर मत देणारा जाणकार चाहतावर्ग तयार झाला.

ही मते आज कशी कळतात? ब्रिटनमध्ये ‘मेलडी मेकर’ आणि ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ ही साप्ताहिके दरवर्षी वाचकांचे मत घेत. वाचकांची पत्रे, चाहत्यांनी स्वतः काढलेली हस्तनिर्मित नियतकालिके, आकाशवाणी केंद्रांकडे येणाऱ्या मागण्या ही आणखी काही साधने होत. यापेक्षाही बोलका पुरावा कृतीचा आहे. चाहता एखादी तबकडी वर्षानुवर्षे विकत घेत राहतो, दुकानात परत करतो किंवा तिची ध्वनिफीत करून मित्राला देतो, तेव्हा तो मतच नोंदवत असतो.

== समीक्षकांशी मतभेद ==

या मतभेदाचे ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडचा लेड झेपलिन हा वाद्यवृंद. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ने १९६९ साली त्यांच्या पहिल्या आल्बमची उपेक्षेच्या सुरात बोळवण केली होती. दुसऱ्याच वर्षी ‘मेलडी मेकर’च्या वाचकांनी त्यांना सर्वोत्कृष्ट वाद्यवृंद ठरवले आणि त्या स्थानावरून बीटल्सना हटवले. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्यांचा चौथा आल्बम आला तो शीर्षकाविना. वेष्टनावर वाद्यवृंदाचे नावही नव्हते. त्यांचे यश ही केवळ जाहिरातबाजी आहे या टीकेला ते उत्तर होते: नाव न सांगता लोक संगीत घेतात की नाही, हे पाहायचे होते. लोकांनी ते घेतले. ‘स्टेअरवे टू हेवन’ हे सुमारे आठ मिनिटांचे गाणे अमेरिकेत त्या काळी छोट्या तबकडीवर विक्रीला काढलेच नाही. ज्याला ते हवे त्याला पूर्ण आल्बम घ्यावा लागे. हा आल्बम अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाच्या वर कधीच गेला नाही, तरी पुढील पन्नास वर्षांत त्याला तेथे २४ पट प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले. चाहत्यांमध्ये मात्र तो निर्विवाद पहिला नाही. ‘फिजिकल ग्राफिटी’ (१९७५) या दुहेरी आल्बमला अधिक मोलाचा मानणारे अनेक आहेत; वाद्यवृंदाच्या सर्व तऱ्हा एकत्र ऐकायला मिळतात हे ते कारण देतात. चौथ्या आल्बमची अतिपरिचयाने झालेली अवज्ञाही यामागे असावी.

अमेरिकेतील ‘किस’ या वाद्यवृंदाची गाणी इंडियाना राज्यातील एका गावचे नभोवाणी केंद्र वाजवीना, तेव्हा १९७५ साली तेथील तरुणांनी ‘किस आर्मी’ या नावाने दूरध्वनी व पत्रांचा मारा केला. पुढे वाद्यवृंदाने हेच नाव आपल्या अधिकृत चाहता संघटनेला दिले.

== ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ==

पिंक फ्लॉइडचा हा आल्बम १ मार्च १९७३ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तेथील ‘बिलबोर्ड’ यादीत तो केवळ एक आठवडा पहिला होता; ब्रिटनमध्ये तर दुसऱ्या क्रमांकावरच थांबला. परंतु १९७३ ते १९८८ या काळात तो अमेरिकन यादीत एकूण ७४१ आठवडे राहिला. प्रसिद्ध झाला तेव्हा पाळण्यात असलेली मुलेही पुढे त्याची ग्राहक झाली, असा या आकड्याचा अर्थ.

चाहते याची कारणे निरनिराळी सांगतात. घड्याळांचा गजर, नाण्यांचा खणखणाट, हृदयाचे ठोके हे ध्वनी कर्णयंत्र लावून ऐकताना येणारा अनुभव हे एक. त्या काळी घरोघरी येऊ लागलेल्या स्टिरिओ यंत्राची परीक्षा घेण्यासाठी ही तबकडी लावण्याची पद्धतच पडली होती. दुसरे कारण विषयाचे: काळ, पैसा, मृत्यू, वेडेपण हे विषय कोणत्याही पिढीच्या विशीतील माणसाला आपलेच वाटतात. तिसरे, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंतची सलगता. प्रिझममधून फुटणाऱ्या प्रकाशाचे वेष्टन तर संगीत न ऐकलेल्यांनाही परिचित आहे. १९९० च्या दशकात काही चाहत्यांनी हा आल्बम ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) या चित्रपटाबरोबर लावल्यास दोन्ही जुळतात असा शोध लावला. वाद्यवृंदाने त्याचा इन्कार केला; चाहत्यांनी इन्कार मनावर घेतला नाही.

पिंक फ्लॉइडच्या चाहत्यांत पंथभेदही आहेत. सिड बॅरेटच्या काळातील १९६० च्या दशकातील संगीत तेच खरे, असे मानणारा एक गट आहे. ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) हा अधिक हृद्य, असे दुसरा म्हणतो. डेव्हिड गिल्मर आणि रिचर्ड राइट या सदस्यांचीही तीच आवड होती. ‘द वॉल’ (१९७९) विषयी मत विचारले असता उत्तरावरून तो श्रोता रॉजर वॉटर्सच्या बाजूचा की गिल्मरच्या, हे बहुधा ओळखता येते.

== चाहत्यांतील दुफळी ==

यस या वाद्यवृंदाचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ (१९७३) हा दोन तबकड्यांचा आल्बम, त्यात गाणी चार, प्रत्येक बाजूस एक. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, पण निष्ठावंतांमध्येही त्याने फूट पाडली. काहींना त्यात संगीताची झेप दिसली, काहींना निव्वळ पाल्हाळ. कीबोर्डवादक रिक वेकमन दुसऱ्या गटात होते आणि १९७४ मध्ये ते बाहेर पडले. १९७५ साली पीटर गॅब्रिएल गेल्यानंतर जेनेसिसच्या श्रोत्यांतही ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ असे तट पडले, ते आजतागायत आहेत.

अमेरिकेत ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी वेगळाच मार्ग धरला. ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ (दोन्ही १९७०) हे आल्बम त्यांना प्रिय असले, तरी ध्वनिमुद्रण कक्षात या वाद्यवृंदाचा खरा प्राण सापडत नाही असे त्यांचे ठाम मत होते. १९७१ च्या एका थेट कार्यक्रमाच्या आल्बमवर चाहत्यांनी पत्ते कळवावेत असे आवाहन छापले होते. त्यातून हजारोंची सूची उभी राहिली. मैफलींच्या ध्वनिफिती करून त्यांची विनामूल्य देवाणघेवाण करणे हा या समाजाचा धर्मच बनला. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ८ मे १९७७ रोजी झालेली मैफल अशा ध्वनिफितींतून इतकी गाजली की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत घेतली. अधिकृत आल्बम म्हणून ती २०१७ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे चाहत्यांनी तिला श्रेष्ठ ठरवल्यानंतर कित्येक वर्षांनी. याच चाहत्यांतील काहींचे म्हणणे असे की त्या वर्षी याहून सरस मैफली झाल्या. कॉर्नेलची कीर्ती वादनापेक्षा बेटी कँटर-जॅक्सन यांच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणामुळे वाढली. हा वाद मिटलेला नाही.

== पंक ==

दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील तरुण श्रोत्यांना लांबलचक रचना आणि श्रीमंत वादक यांचा उबग आला. १९७६ मध्ये मार्क पेरी या बँकेतील कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ हे छायाप्रतींचे नियतकालिक सुरू केले. त्यात चाहता स्वतःच समीक्षक झाला. सेक्स पिस्टल्सचा ‘नेव्हर माइंड द बॉलक्स’ ऑक्टोबर १९७७ मध्ये आला, तेव्हा मोठ्या दुकानांनी तो ठेवण्यास नकार दिला. शीर्षकातील शब्द अश्लील म्हणून नॉटिंगहॅममध्ये खटला झाला व आरोपी निर्दोष सुटला. आल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

श्रोत्यांच्या रुचीतील हे वळण मोजता येईल असे एक साधन सुदैवाने उपलब्ध आहे. बीबीसीचे निवेदक जॉन पील १९७६ पासून वर्षअखेरीस श्रोत्यांच्या मतांवरून ५० गाण्यांची यादी करीत. १९७६ साली पहिले आले ‘स्टेअरवे टू हेवन’. १९७८ साली पहिले आले सेक्स पिस्टल्सचे ‘अनार्की इन द यूके’. कार्यक्रम तोच, निवेदक तोच. अंतर दोन वर्षांचे.

== डिस्को आणि पूर्वग्रह ==

‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ (१९७७) या चित्रपटाचा आल्बम १९७८ मध्ये अमेरिकेत सलग २४ आठवडे पहिला होता. रॉकच्या चाहत्यांची त्यावरील प्रतिक्रिया १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर टोकाला गेली. डिस्कोची तबकडी आणणाऱ्यास ९८ सेंटमध्ये बेसबॉलच्या सामन्यास प्रवेश होता. दोन सामन्यांच्या मध्यंतरात नभोवाणी निवेदक स्टीव्ह डाल यांनी तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला, हजारो लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना यजमान संघाला गमवावा लागला.

ही केवळ अभिरुचीची लढाई होती काय? डिस्कोचा उगम कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समाजाच्या नृत्यगृहांत झाला होता. त्या दिवशी मैदानावर काम करणारे आणि पुढे ‘हाउस’ संगीताचे निर्माते झालेले विन्स लॉरेन्स यांनी नंतर सांगितले की आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही अनेक होत्या. डाल यांनी वंशद्वेषाचा आरोप सतत नाकारला आहे. प्रत्येक सहभागी तरुणाच्या मनात द्वेष होता असे म्हणता येणार नाही. मात्र ‘आम्हांला हे संगीत आवडत नाही’ या साध्या वाक्यात कोणाविषयीची नावड दडलेली असते, हे या घटनेनंतर अभ्यासकांना डावलता आले नाही.

== भारतातील श्रोते ==

आयातीवरील निर्बंधांमुळे १९७० च्या दशकात भारतात परदेशी तबकड्या दुर्मीळ होत्या. मुंबईत काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’ (२०१६ मध्ये बंद) हे दुकान आणि मित्रांकडून उतरवून घेतलेल्या ध्वनिफिती हे शहरी श्रोत्याचे आधार. लेड झेपलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत भारतीय वादकांसह ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. ती अधिकृतपणे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ (१९७५) या क्वीनच्या आल्बमचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथेच त्यांनी पहिला वाद्यवृंद स्थापला.

== उत्तरकालीन मते ==

पीटर फ्रॅम्प्टनचा ‘फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!’ १९७६ मध्ये दहा आठवडे पहिला होता. आज श्रेष्ठ आल्बमांच्या चर्चेत त्याचे नाव क्वचित निघते. याउलट निक ड्रेकचा ‘पिंक मून’ (१९७२): जेमतेम २८ मिनिटांचा, गिटार आणि आवाज एवढ्यावरच जवळजवळ सारा बेतलेला. त्याच्या हयातीत तो फारसा कोणी घेतला नाही, आणि १९७४ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी ड्रेक वारला. त्यानंतर तुरळक चाहते त्याच्या आईवडिलांच्या खेड्यातील घरी जात. ते त्यांचे स्वागत करीत. १९७९ मध्ये त्याचे आल्बम संचरूपाने पुन्हा निघाले आणि २००० साली एका मोटारीच्या जाहिरातीत शीर्षकगीत वापरले गेल्यावर अमेरिकेत विक्री अचानक वाढली. जुन्या चाहत्यांतील काहींना जाहिरातीचा हा मार्ग रुचला नाही. पण नवे श्रोते आले ते टिकले.

मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) ‘रोलिंग स्टोन’च्या २००३ च्या यादीत सहावा होता, २०२० च्या यादीत पहिला. मत देणारे बदलले, तसा क्रम बदलला. फ्लीटवुड मॅकचा ‘रूमर्स’ (१९७७) याच दोन याद्यांत पंचविसाव्यावरून सातव्या स्थानी आला. सदस्यांच्या आपसांतील ताटातुटींतून निघालेला हा आल्बम प्रसिद्धीनंतरच्या वर्षभरात ३१ आठवडे पहिला ठरला होता; समीक्षेला तेथे पोहोचायला अधिक वेळ लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये फळाचा रस पीत, चाकांच्या फळीवरून घसरत जाणाऱ्या एका माणसाची चित्रफीत टिकटॉकवर पसरली. तिला साथ होती ‘ड्रीम्स’ या गाण्याची. त्याच महिन्यात ‘रूमर्स’ प्रसिद्धीनंतर त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा अमेरिकेतील पहिल्या दहांत आला, आणि तो ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्म ध्वनिफितींचा जमाना संपल्यानंतरचा होता.