प्रदूषित हवा आणि प्राण्यांची रोगप्रतिकारक इंद्रिये

दूषित हवेचा परिणाम श्वसनमार्ग व फुप्फुसे यांपुरताच मर्यादित असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा होय. ज्या इंद्रियांत रक्षक कोशिका निर्माण होतात किंवा परिपक्व होतात (अस्थिमज्जा आणि यौवनलोपी ग्रंथी), तसेच ज्यांत त्या रोगजंतूंचा प्रतिकार करण्यास सिद्ध होतात (प्लीहा आणि लसीका ग्रंथी), त्यांवरही हा परिणाम पोहोचतो. मात्र तो पोहोचण्याचे मार्ग भिन्न आहेत.

पहिला मार्ग प्रत्यक्ष वहनाचा. सुमारे २.५ मायक्रॉनहून लहान कण वायुकोशांपर्यंत जातात. तेथील भक्षक कोशिका त्यांना गिळतात आणि काही कण लसीकावाहिन्यांतून फुप्फुसालगतच्या लसीका ग्रंथींत येतात. काजळीसारखे अविद्राव्य कण पचत नसल्याने ते तेथे वर्षानुवर्षे साचतात. मानवाच्या बाबतीत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ११ ते ९३ वर्षे वयाच्या ८४ अवयवदात्यांच्या ग्रंथी तपासण्यात आल्या. फुप्फुसालगतच्या ग्रंथींत वयानुसार कणसंचय वाढलेला आढळला आणि कणयुक्त भक्षक कोशिकांची भक्षणशक्ती उणावलेली दिसली. आतड्यालगतच्या ग्रंथींत असा संचय नव्हता. अर्थात हा केवळ वार्धक्याचा परिणाम म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग अप्रत्यक्ष आहे. ओझोन अतिशय क्रियाशील असल्याने श्वसनमार्गाच्या अस्तरावरील द्रवातच त्याचा व्यय होतो. यौवनलोपी ग्रंथीपर्यंत तो वायुरूपाने जाऊच शकत नाही. तरीही ओझोन हुंगविलेल्या उंदरांत ही ग्रंथी प्रारंभी आक्रसते, तर फुप्फुसालगतच्या लसीका ग्रंथी वाढतात. याचा एक उलगडा अधिवृक्क ग्रंथींत सापडतो. फुप्फुसाच्या क्षोभामुळे त्यांचा स्राव वाढतो आणि त्यातील संप्रेरकांमुळे यौवनलोपी ग्रंथीतील अपक्व लसीका कोशिका मोठ्या संख्येने नाश पावतात. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या मोठ्या जातीच्या प्रयोगशालेय उंदरांवरील प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ओझोनचे अनेक दुष्परिणाम सौम्य झालेले आढळले.

यावरून एक सावधगिरी आवश्यक ठरते. उपासमार, कोंडणूक किंवा भीती यांमुळेही ही ग्रंथी आक्रसते. सबब केवळ तिचे वजन घटले एवढ्यावरून वायूची विषारी क्रिया सिद्ध होत नाही. तितकेच खाणारे, तशाच पेटीत ठेवलेले, परंतु शुद्ध हवा घेणारे प्राणी तुलनेस हवेत.

परंतु म्हणून हे फेरफार क्षुल्लक मानणेही चुकीचे होईल. इंद्रियाच्या आकारापेक्षा त्याच्या कार्याची कसोटी अधिक निर्णायक असते. १९६०-७० च्या दशकात उंदरांना काही तास अल्प प्रमाणात ओझोन देऊन नंतर मालागोलाणूंचा (स्ट्रेप्टोकॉकसचा) फवारा हुंगविण्यात आला. शुद्ध हवेतील उंदरांनी जे जंतू सहज नष्ट केले, तेच ओझोन दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत वाढले आणि त्यांच्यातील मृत्युसंख्या अधिक झाली. केवळ ओझोनने त्यांपैकी कोणी मेले नसते. जंतूंशी गाठ पडताच उणीव उघड झाली.

तात्पर्य, इंद्रियांचे वजन, त्यांतील कोशिकांची गणना आणि प्रत्यक्ष जंतुप्रतिकार या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज या विषयात निष्कर्ष काढता येत नाही. निरोगी दिसणारा प्राणी सुरक्षित असतोच असे नाही. कित्येकदा त्याची परीक्षा अद्याप झालेली नसते, एवढेच.