पट्ट्यांचा हंस घरी निघाला

शिमगा जवळ आला की जायकवाडी, उजनी, नांदूरमध्यमेश्वर इथल्या पाण्यावरून हंसांचे थवे उठू लागतात. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिले असतील. बदकापेक्षा मोठा, राखी अंगाचा, पिवळ्या चोचीचा पक्षी. डोके पांढरे, आणि त्यावर मागच्या बाजूला दोन आडवे काळे पट्टे. पुस्तकात त्याला पट्टकादंब म्हणतात. आपण पट्ट्यांचा हंस म्हणू.

हा आपल्याकडे थंडीपुरता पाहुणा. त्याचे घर लडाख, तिबेट, मंगोलिया इकडे. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात. मग खायचे काय? म्हणून तो खाली येतो, आणि उन्हाळा लागला की अंडी घालायला परत वर जातो.

वाटेत हिमालय आडवा. तिथे हवा इतकी विरळ की चालताना माणसाला धाप लागते. १८,००० फुटांवर तर एका श्वासात निम्माच प्राणवायू मिळतो. हा हंस तिथे पंख मारीत चढतो! त्याच्या रक्ताला विरळ हवेतला प्राणवायूही चांगला धरून ठेवता येतो.

पूर्वी सांगत, हे हंस एव्हरेस्टच्या माथ्यावरून जातात. मग शास्त्रज्ञांनी काही हंसांना लहान यंत्रे बसवून पाहिले. २०११ आणि २०१५ साली त्याची माहिती छापून आली. हंस उगाच उंच जात नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की खाली उतरतात. पुन्हा चढावे लागले तरी चालेल, पण विरळ हवेत पंख मारणे त्याहून महाग पडते. चढायचे ते बहुतेक रात्री नाहीतर पहाटे, कारण गार हवा दाट असते. डोंगराचा सगळा चढ सात-आठ तासांत उरकतात. घाटातला बैलगाडीवाला दुसरे काय करतो? उन्हाआधीच चढ काढतो.

ह्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगातली चरबी. ती कुठली? थोडी तळ्याकाठच्या गवताची, थोडी आपल्या शेतातली. “अहो, रात्रीतून आमचा हरभरा खातात, त्याचं काय?” असे कोणी म्हणेल. खरे आहे, खातात. डबा बडवा, राखण करा. पण विष टाकू नका. ते दुसऱ्या पाखरांच्या आणि गुराढोरांच्याही पोटात जाते. शिवाय १९७२ च्या कायद्याने ह्या हंसाला मारणे गुन्हा आहे.

लडाखात त्सो मोरिरी नावाचे मोठे तळे आहे. उंची सुमारे १५,००० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेतीन पट. हंस परततात तेव्हा तळ्यावर अजून बर्फ असते. बर्फ वितळले की ते पाण्यातल्या बेटांवर घरटी करतात. बेटावर का? तर काठावर कोल्हे फिरतात. आता मोकाट कुत्रीही वाढली आहेत. माणसांच्या वस्तीतले आणि छावण्यांतले उष्टे खाऊन ती जगतात, आणि अंडी-पिल्ले फस्त करतात. त्यातच पिल्ले लहान असताना आईबापांची पिसे झडतात. काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही. पाण्यात शिरणे एवढाच आसरा.

दोनेक महिन्यांत पिल्ले उडू लागतात, आणि आईबापांबरोबरच खाली येतात. त्यांच्या डोक्यावर पट्टे नसतात. दिवाळीनंतर पाण्यावर थव्यात असा बिनपट्ट्याचा हंस दिसला, तर तो त्याच वर्षी जन्मलेला.