दुपारच्या उन्हात पिकअप का ओढत नाही? दोष उन्हाचा किती, गाडीचा किती?

सातपाटी बंदरावर मासळीचे क्रेट पिकअपमध्ये चढतात, वर बर्फ पडतो आणि गाडी पालघरमार्गे महामार्गाकडे निघते. पहाटे निघालेली गाडी पालघर-मनोर रस्त्यावरचा वाघोबा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढून जाते. तीच गाडी, तेवढाच माल घेऊन, एप्रिलच्या दुपारी त्याच चढावर अडखळते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती उचलत नाही. दुसरा गिअर, मग पहिला गिअर, आणि मागे वाहनांची रांग.

चालकांच्या भाषेत याला 'गाडी ओढत नाही' म्हणतात. मासळी वाहणाऱ्याला हे परवडत नाही. रस्त्यात जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला बर्फ वितळत असतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालेले पापलेट असो किंवा साधे बोंबील, बर्फ संपला की भाव उतरतो. अशा घाईत मग सुचेल ते बदलले जाते. कधी इंजेक्टर, कधी थेट टर्बो. मोठा खर्च होतो आणि पुढच्या दुपारी गाडी पुन्हा तिथेच अडते.

हा खर्च टाळायचा तर एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. ऊन इंजिनाची ताकद खाते, पण थोडीच. गाडी फारच मंदावत असेल तर उन्हाने तिचा एखादा जुना दोष उघडा पाडलेला असतो.

हवा तापली की ताकद का कमी होते?

डिझेल जळण्यासाठी हवा लागते. एक किलो डिझेल पूर्ण जाळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते आणि प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहून जास्तच हवा घेते. हवा तापली की ती प्रसरण पावते, विरळ होते. सिलिंडरची जागा तेवढीच राहते, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात आत जाणारी हवा वजनाने कमी भरते.

हिशोब साधा आहे. तापमान २५ अंश सेल्सिअसवरून ४० अंशांवर गेले तर हवेची घनता सुमारे ५ टक्के कमी होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेतली वाफही प्राणवायूची थोडी जागा घेते, पण पहाट आणि दुपार यांत तिच्यामुळे पडणारा फरक साधारण एक टक्क्याच्या आसपासच राहतो. म्हणजे ऊन आणि दमटपणा मिळून ताकद पाच-सहा टक्क्यांनी घटू शकते. चालकाला हे जाणवेल, पण तेवढ्यामुळे घाटात पहिला गिअर टाकायची वेळ येणार नाही.

दमट हवेमुळे रेडिएटर नीट काम करत नाही, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. माणसाला दमट हवेत त्रास होतो, कारण घाम वाळत नाही. रेडिएटरला घाम येत नाही. त्याला हवेचे तापमान आणि तिचा वेग यांच्याशी मतलब.

मग बाकीची ताकद जाते कुठे?

बहुतेक डिझेल पिकअपमध्ये टर्बो असतो. तो हवा दाबून इंजिनात ढकलतो. दाबलेली हवा तापते, सायकलच्या पंपाचे नळकांडे तापते तशीच. टर्बोतून निघालेली हवा शंभर अंशांच्या वर सहज जाऊ शकते. तिला थंड करायला इंटरकूलर असतो. त्याच्या जाळीत धूळ बसली किंवा त्याचा रबरी पाइप फुटला, तर इंजिनाला तापलेली किंवा अपुरी हवा मिळते. पहाटेच्या गारव्यात हे खपून जाते, दुपारी खपत नाही.

दुसरे कारण इंजिनाच्या डोक्यात असते. नव्या गाड्यांमध्ये ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, पाण्याचे, हवेचे आणि काही गाड्यांत डिझेलचेही तापमान पाहत असतो. ते मर्यादेबाहेर जाऊ लागले की तो इंजिन वाचवण्यासाठी डिझेल कमी सोडतो. चालकाला वाटते गाडी कमजोर झाली, प्रत्यक्षात गाडीनेच स्वतःचा हात आखडता घेतलेला असतो. अशा वेळी ताकद परत मिळवायची तर आधी तापण्याचे कारण शोधावे लागते.

तिसरे कारण माल. समजा मालासह पिकअपचे वजन ३ टन आहे आणि त्यावर बर्फ व पाण्यासह आणखी ५०० किलो चढले. तेवढ्याच वेगाने घाट चढायला आता सुमारे १७ टक्के जास्त ताकद लागेल. उन्हाने पाच टक्के काढून घेतले आणि जादा मालाने सतरा टक्के मागितले, तर दोष उन्हाला देऊन उपयोग नाही.

किनाऱ्यावरच्या गाड्यांना जास्त त्रास का?

रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळ्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. खारी हवा या पातळ पात्यांना खाते. पाती बोटाने कुस्करली जाऊ लागली की जाळी वरून धड दिसली तरी उष्णता नीट सोडत नाही. त्यावर धूळ आणि ओल बसून थर तयार होतो.

मासळीच्या गाडीत आणखी एक भर पडते. बर्फाचे खारट पाणी हौद्यातून गळत चेसिसवर, ब्रेकवर आणि वायरिंगच्या जोडांवर पडत राहते. सेन्सरच्या जोडात हिरवट गंज धरला की ईसीयूला चुकीचे तापमान किंवा चुकीचा दाब कळतो. ब्रेकची पिस्टन किंवा केबल गंजून अडकली तर ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि इंजिन सतत ब्रेकशी झुंजत राहते.

रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरण्याची सवयही महागात पडते. त्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत जमतात. चहाच्या पातेल्याला धरतो तसाच हा थर, फक्त इथे तो दिसत नाही.

नेमका दोष कसा शोधायचा?

पहिली पायरी फुकट आहे. तोच रस्ता, तेवढाच माल, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी. दोन्ही वेळा गाडी सारखीच मंद असेल तर उष्णतेचा संबंध कमी. फिल्टर, टर्बोचे पाइप, क्लच किंवा वजन पाहावे. फरक फक्त दुपारी पडत असेल तर पुढची लक्षणे जुळवावीत.

• काटा चढतो आणि ताकद घटते: शीतकरणात दोष आहे. कूलंटची पातळी, रेडिएटरची जाळी, पंख्याचा पट्टा, पंखा, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप या क्रमाने तपासावे. गाडी ट्रॅफिकमध्ये तापते पण धावताना गार होते, तर संशय पंख्यावर. वेगात आणि चढावर तापते, तर संशय रेडिएटरवर.

• काटा जागेवर, पण काळा धूर: डिझेल येते, हवा कमी पडते. एअर फिल्टर, इंटरकूलरचे पाइप आणि त्यांच्या क्लिपा पाहाव्यात. पाइपाच्या जोडाला तेलाचा ताजा ओघळ आणि जोर देताना 'सूंss' असा आवाज, ही फुटक्या पाइपाची खूण. उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्हही असाच धूर काढतो.

• काटा जागेवर, धूर नाही, गाडी धक्के खाते: डिझेल कमी पडते. डिझेल फिल्टर आधी बदलावा. मग टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर झाकणाचा श्वास बुजलेला आहे. टाकी तळाला गेली असेल तरी त्रास होतो. इंजिनाकडून परतणारे गरम डिझेल थोड्याशा साठ्यात मिसळते आणि सगळे डिझेल लवकर तापते.

• इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही: क्लच घसरतो आहे. जळका वास आला तर शंका उरत नाही. इथे इंजिन उघडणे म्हणजे पैसे वाया.

• सपाटीवर न्यूट्रलमध्ये गाडी लवकर थांबते: ब्रेक धरून आहे. थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता उष्णता पाहावी. एकच चाक जास्त तापले असेल तर दोष तिथेच.

• इंजिनाचा दिवा लागतो, गाडी ठरावीक वेगापुढे जात नाही, बंद करून चालू केली की काही वेळ बरी चालते: ईसीयूने गाडी सुरक्षित स्थितीत टाकली आहे. स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय एकही भाग बदलू नये.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ हा काजळी पकडणारा फिल्टरही असतो. त्यातली काजळी जाळायला धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग धावावी लागते. बंदर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत हे घडत नाही. फिल्टर भरतो, दिवा लागतो, ताकद घटते. म्हणून दिवा दिसताच गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सलग धाववणे हाच पहिला उपाय.

घाटातच गाडी तापली तर?

काटा नेहमीपेक्षा वर सरकू लागताच एसी बंद करावा आणि खालचा गिअर घ्यावा. खालच्या गिअरमध्ये पंखा आणि वॉटर पंप जोरात फिरतात. केबिनमध्ये हीटर असेल तर तो पूर्ण सुरू करावा. चालकाला घाम फुटेल, पण हीटर छोट्या रेडिएटरसारखा काम करतो.

तरीही काटा चढत राहिला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन काही मिनिटे न्यूट्रलमध्ये चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहते. मात्र काटा लाल पट्ट्यात गेला असेल, वाफ येत असेल, पाणी गळत असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर इंजिन लगेच बंद करावे. 'अजून दोनच किलोमीटर' म्हणत गाडी रेटली तर हेड गॅस्केट जाते, कधी हेडच वाकते. तेव्हाचा खर्च गाडीतल्या मालापेक्षा जास्त होऊ शकतो.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि ते क्षणात उसळून तोंडावर, हातांवर येते. पाऊण तास तरी थांबावे, वरचा पाइप हाताला गार लागला की जाड फडके धरून झाकण हळू फिरवावे. तापलेल्या इंजिनावर किंवा आत एकदम बर्फाचे पाणी ओतू नये. गाडीत बर्फ असल्याने हा मोह होतो, पण त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय आहे का?

अनेक गॅरेजमध्ये हा सल्ला मिळतो. थर्मोस्टॅट नसला की पहाटे इंजिन नीट गरम होत नाही. ईसीयू त्याला थंड समजून जास्त डिझेल देतो आणि काजळी वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत जातो आणि दुपारी गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवावा. तो टर्बोच्या तुलनेत फारच स्वस्त असतो.

काम कधी काढावे?

कोकण किनाऱ्यावर गाडीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी होते, तेव्हाच पिकअपचेही काम काढता येते. रेडिएटर आणि इंटरकूलर बाहेरून हलक्या दाबाच्या गोड्या पाण्याने धुणे, कंपनीने सांगितलेले कूलंट भरणे, दोन्ही फिल्टर बदलणे, पाइप आणि क्लिपा तपासणे, वायरिंगचे जोड साफ करणे आणि ब्रेक मोकळे करणे, एवढी कामे त्या दोन महिन्यांत बसतात.

हंगाम सुरू झाल्यावर एक सवय पुरते. रोजच्या फेरीनंतर हौदा धुताना गाडीच्या खालच्या बाजूला आणि पुढच्या जाळीलाही गोडे पाणी मारावे, इंजिन गार झाल्यावर. ऑक्टोबरच्या दुपारी वाघोबा घाटात तिसरा गिअर टिकला, तर त्याचे श्रेय बहुतेक वेळा या धुण्यालाच असेल.